कापाची नक्कल

१२ जानेवारी १९५८

यादी लागली. जिन्याखालच्या फळ्यावर, आगीच्या बादलीशेजारी. नव्या नाटकातली वार्वारा: क. व्हेत्लुगिना. आणि त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात, बदली: आं. गुल्यायेवा.

आं. गुल्यायेवा म्हणजे मी, आंतोनिना. घरीदारी तोन्या, कापाच्या तोंडी तोन्का. बदली म्हणजे जिने भूमिका पाठ करायची, तालमीला मागच्या बाकावर बसायचं आणि वाट बघायची, की पहिली आजारी पडेल, मरेल, नाहीतर मॉस्कोला पळेल. कापितोलिना व्हेत्लुगिना, म्हणजे आमची कापा, कधी आजारी पडत नाही. घोडीसारखी आहे.

मी फळ्यासमोरून हलेना, तेवढ्यात मागून ऊस्त्या मावशी आली. आमच्या थिएटरात सगळ्या नट्यांचे कपडे हीच सांभाळते, आणि जीभ मात्र सांभाळत नाही. म्हणाली, "वाचून झालं असेल तर सरक गं तोन्या, मला बादली हवीय."

वार्वारा ही नदीवरची नावाडीण. मुलगा युद्धावर गेलेला, तो काही येत नाही, आणि ही काही नाव सोडत नाही. पलीकडच्या काठावर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असतो. कुणाला पार यायचं असेल तर त्यावर टोला मारायचा. शेवटच्या अंकात दाट धुकं पडतं, पलीकडे कुणीतरी आहे असं तिला वाटतं आणि ती हाक मारते. एकच हाक. मग शांतता. मग टोला. ती नावेची दोरी सोडते आणि पडदा. असली भूमिका जन्मात एकदा येते. माझ्या जन्मात आली ती शेजारच्या दारात गेली.

रात्री जेवताना स्तेपानला सांगितलं. माझा नवरा जहाजांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, सूप पिताना मान वर करत नाही. म्हणाला, "बदली तर बदली. पगार तोच ना?"

अशा माणसाशी मी संसार केला.

१५ जानेवारी

बाजारात संत्री आली म्हणून रांगेत उभी राहिले. बायका एकमेकींसाठी जागा धरून ठेवतात. "ही माझ्या पुढे होती हं, आत्ता येईल," असं म्हटलं की कुणी तोंड उघडत नाही. माझ्यासाठी कधी कुणी जागा धरलेली मला आठवत नाही. माझी पाळी आली आणि संत्री संपली.

परत येताना वर्तमानपत्रांच्या टपरीवर गेले. तिथे नटनट्यांचे फोटो विकायला असतात. सगळ्यात पुढे कापा. टोपी तिरकी, दात पांढरेशुभ्र. तो फोटो सत्तेचाळीस सालचा आहे आणि अजून खपतोय! टपरीवालीने पाठ वळवली तेव्हा मी कापाच्या फोटोवर एका टेनर गायकाचा फोटो ठेवून दिला. जाड आहे, सगळी झाकली गेली.

सत्तेचाळीस साली सिनेमावाले आले होते. त्यांना ट्रॅक्टर चालवणारी मुलगी हवी होती. आम्हा मुलींना ओळीने उभं केलं. मी पुढे, कापा माझ्या मागे. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा ना, मागची दिसत नाही."

त्या दिवसापासून मी बाजूलाच आहे.

आणि आम्ही मैत्रिणी होतो! एका वर्गात शिकलो. युद्धात एकाच ट्रकवर चढून जवानांपुढे गाणी म्हटली, एका पांघरुणात झोपलो, तिच्या उवा माझ्या डोक्यात आणि माझ्या तिच्या. हे सगळं ती मुलाखतीत सांगते. "आमचा गट" म्हणते. माझं नाव घेत नाही.

२० जानेवारी

पहिली तालीम. बाईसाहेब गळ्याभोवती भलामोठा लोकरी रुमाल गुंडाळून आल्या आणि सगळी भूमिका कुजबुजत वाचली. कुजबुजत! शेवटच्या टेबलावरच्यांनी कान पुढे केले. हाकेची जागा आली तर नुसता हात वर केला आणि मान हलवली, म्हणजे "इथे हाक आहे, समजून घ्या."

आमचे दिग्दर्शक मात्वेई इल्यिच. मी स्वल्पविराम गिळला तरी टेबलावर चष्मा आपटतात. तिला म्हणाले, "ठीक आहे कापितोलिना, ठीक आहे. पुढे." आणि खिशातून रुमाल काढून नाक शिंकरत बसले.

आम्ही तिच्या आवाजाच्या लायकीचे नाही, दुसरं काय. मध्यंतरात गरम दूध प्यायली, एकेक घोट, डोळे मिटून, तेसुद्धा नाटकच. घरी मी कुजबुजत वाचून दाखवलं, रुमाल गुंडाळून. स्तेपान म्हणाला, "घसा धरला असेल तिचा."

मी म्हटलं, "घसा नाही, माज!"

२ फेब्रुवारी

आता हे ऐका. रंगपटात माझ्या आरशाशी आली आणि कुजबुजली, "तोन्का, संध्याकाळी घरी ये ना. तू मोठ्याने वाच, मी नुसती हालचाली करते. एकटीला जमत नाही."

मी म्हटलं, "तुझ्या घरी पियानो आहे, त्याला सांग."

ती हसली, पण आवाज न करता. म्हणाली, "पियानोला हाक मारता येत नाही."

मी जाणार नव्हते. पण मात्वेई इल्यिचनी जिन्यात गाठून सांगितलं, "आंतोनिना साव्हेल्येव्ना, जात जा तिच्याकडे. बदलीचं कामच आहे ते." म्हणजे हुकूम. चला, आता मी बाईसाहेबांची पोपटीण.

१२ फेब्रुवारी

चार वेळा जाऊन आले. मी उभी राहून वार्वारा वाचते आणि ती? चालतबिलत काही नाही! खिडकीशी खुर्चीत बसते, पेन्सिल घेऊन. चुकलं की पेन्सिल टेबलावर वाजवते. मग कुजबुजते, "खालून काढ, पोटातून. घाई कशाला? नाव कुठे पळत नाही."

आज हाकेपाशी आलो. मी हाक मारली. खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर झाडू ठोकला. कापा म्हणाली, "छान ओरडलीस. ही हाक नाही. धक्क्यावर मारली होतीस, आठवतं?"

आठवतं तर. त्रेचाळीसचा शरद ऋतू. आमचा ट्रक नदीशी अडकला, धुकं असं की आपलाच हात दिसेना, आणि नाव पलीकडे. कापाचा आवाज गाऊन गाऊन बसलेला. मी हाका मारत होते, आणि ती शेजारी उभी राहून बादलीवर डाव बडवत होती. नावाडी आला तेव्हा म्हणाला, बादलीने झोप मोडली पण आलो ते हाकेमुळे. यावरून आम्ही किती भांडलो! तेव्हा भांडणात मजा होती.

घरी येताना ट्रॅममध्ये एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही माझ्याकडून कशाला वाचून घेतेय? ही माझे हेल चोरतेय! मी वाचायचं, हिने टिपायचं, आणि पहिल्या प्रयोगाला माझी हाक हिच्या तोंडातून निघायची. म्हणून तालमीत आवाज काढत नाही! आपल्याकडचा उघडा करायचा नाही, दुसरीचा उचलायचा. वा गं वा, कापितोलिना!

२१ फेब्रुवारी

मास्लेनित्सा, घावनांचा सण. ऊस्त्या मावशीकडे सगळ्यांना जेवण. घावनांची ही थप्पी, वर लोणी. मी मोजणं सोडून दिलं. कापाने एक घावन घेतलं, त्याचे तुकडे तुकडे केले आणि बशीत इकडून तिकडे फिरवत बसली. शेवटी वाटीभर साय चमच्याने चाटली.

"कॅमेऱ्यासाठी बारीक होतेय," मी शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. झालीच आहे बारीक. गालांची हाडं वर आलीत, तिला तेही शोभतं. माझं वजन उतरलं तर मी आजारी दिसते.

दर महिन्याला लेनिनग्राडला जाते. कशासाठी ते सांगत नाही. ऊस्त्या मावशीला विचारलं तर म्हणाली, "काम असेल तिचं," आणि ओट्यापाशी जाऊन तव्याशी खुडबूड करत बसली. सिनेमाच असणार. दुसरं काय असतं लेनिनग्राडला? सिनेमा ठरेपर्यंत बोलायचं नसतं, दृष्ट लागते. माझी लागेल म्हणून मला सांगत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं, लागेलच.

२७ फेब्रुवारी

आज चोर पकडला.

ठरवूनच गेले. सगळी वार्वारा खोटी वाचली. जिथे थांबायचं तिथे धावले, जिथे खाली यायचं तिथे किंचाळले, आणि हाक मारली ती बाजारात मासेवाली ओरडते तशी. म्हटलं घे, चोर आता काय चोरायचं ते.

कापाने आधी पेन्सिल वाजवली. मग वाजवेना. मग चेहरा हातांत धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. रडत होती. आवाज न करता, पण खरं रडत होती, मला खरं-खोटं कळतं, मी पण याच धंद्यातली आहे. कुजबुजली, "वेळ नाहीये गं तोन्का. असं नको करूस. वेळ नाहीये."

"कुणाला वेळ नाही? तुला? पहिला प्रयोग मे महिन्यात आहे," मी म्हटलं आणि कोट चढवला.

जिना उतरताना मला इतकं हलकं वाटलं! दहा वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडवलं. कोपऱ्यावर मांसाचा समोसा घेऊन उभ्या उभ्या खाल्ला. तो मात्र घशाखाली नीट उतरला नाही. शिळा असावा.

८ मार्च

बायकांचा दिवस. स्तेपानने मिमोझाची पिवळी फुलं आणली, दांड्या मोडलेली. थिएटरात गेले तर माझ्या आरशापाशी आणखी एक जुडी, ताजी, मोठी. ऊस्त्या मावशी म्हणाली, "कापाने ठेवलीय."

मी ती जुडी मावशीलाच देऊन टाकली. मावशी म्हणाली, "तुझ्यासारखी गाढवी मी पाहिली नाही." सणासुदीला!

पण परवापासून मी तिच्याकडे नीटच वाचते. का ते विचारू नये. खोटं वाचायला जास्त कष्ट पडतात, आणि आपल्याच कानाला सहन होत नाही. चोरायचं तर चोर म्हणावं.

१५ मार्च

लिहू की नको? लिहितेच. ही वही स्तेपान उघडणार नाही, बुद्धिबळाच्या डावांखेरीज तो काही वाचत नाही.

आमच्यात एक रीत आहे. नक्कल, म्हणजे आपापल्या संवादांचे टाचलेले कागद, हातातून पडली तर उचलायच्या आधी तिच्यावर बसायचं. जिथे असाल तिथे. बर्फात, चिखलात, ट्रॅममध्ये. न बसता उचललीत तर भूमिका पडलीच म्हणून समजा. मोठमोठ्या पदकवाल्या नटांना मी लोणच्याच्या दुकानात जमिनीवर बसलेलं पाहिलं आहे.

आज तालमीनंतर कापा जिना उतरत होती, मी चढत होते. माझ्या समोर आल्यावर तिच्या हातातून नक्कल पडली. अख्खी वार्वारा माझ्या पायाशी. मी बाजूला झाले, म्हटलं बस बाई. ती बसली नाही. उचललीही नाही. माझ्याकडे बघितलं, कठड्याला धरून धरून खाली उतरली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

एवढा माज! रीतसुद्धा आता हिला लागू नाही! वीस वर्षं या धंद्यात काढलेली बाई भूमिका पायरीवर टाकून जाते, आणि मी ती भूमिका स्वप्नात बोलते.

वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. मी बसले.

हो, बसले. चांगली बूड टेकवून बसले. दगडी पायरी बर्फासारखी गार. म्हटलं, हिने टाकली, मी घेतली, आता नटांचा जो कोणी देव असेल त्याने बघून घ्यावं. आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "दुसरीच्या नकलेवर बसलीस?" ऊस्त्या मावशी, हातात इस्त्री.

मी म्हटलं, "चपलेचा बंद तुटला."

"बूट घातलेस तू," ती म्हणाली.

नक्कल तिच्याजवळ दिली, कापाला द्यायला सांगितलं आणि पळाले. घरी येईपर्यंत एकच प्रश्न. हे पाप आहे का? रीतीत कुठे लिहिलंय की दुसरीने बसू नये?

३ एप्रिल

बसणं लागू पडलं! नटांचा देव आहे!

मात्वेई इल्यिचनी सकाळी सगळ्यांना बोलावलं. "कापितोलिना व्हेत्लुगिना लेनिनग्राडला गेल्या आहेत, प्रयोगापर्यंत परतणार नाहीत. वार्वारा आंतोनिना साव्हेल्येव्ना करतील." झालं, दोन वाक्यांत. माझी अख्खी हयात दोन वाक्यांत.

मग दोन मिनिटांनी लक्षात आलं. म्हणजे सिनेमा पक्का झाला. थिएटर गेलं उडत, वार्वारा गेली उडत. नको झालेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. ज्यासाठी मी जिन्यावर बसले ते तिला टाकाऊ होतं! मिळालं त्याचासुद्धा आनंद ती मला धड होऊ देत नाही.

मात्वेई इल्यिचना म्हटलं, "मोठी भूमिका आहे का तिची, सिनेमात?"

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मोठी आहे." आणि चष्मा पुसायला लागले.

जाताना तिने मला साधा निरोप दिला नाही. मीही गेले नसते स्टेशनवर, पण तिने सांगायचं तरी.

१९ एप्रिल

बर्फ फुटला. रात्रभर नदी कडकडत होती, सकाळी लोक कामं सोडून घाटावर. मीही गेले. एवढाल्या लाद्या एकमेकींवर चढत होत्या.

तालीम चांगली चाललीय. चमत्कारिक चांगली. मला सगळं आधीच येतंय. कुठे श्वास घ्यायचा, कुठे नाव पळत नाही. पहिल्या दिवसापासून मी नकलेकडे बघितलंच नाही. म्हणजे माझ्याकडून वाचून घेऊन घेऊन कापाने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला! हेल तिने चोरले, पण पाठ मला झालं. हे स्तेपानला सांगितलं, तर त्याने पहिल्यांदा सुपातून मान वर काढली.

"तोन्या," म्हणाला, "तिने तुझ्याकडून किती महिने वाचून घेतलं?"

"दोन."

"आणि स्वतः एकदाही वाचलं नाही?"

"नाही. धूर्त आहे ती."

त्याने चमचा खाली ठेवला, मग उचलला आणि पुन्हा सूप प्यायला लागला. इंजिनियर माणूस, नाटकातलं त्याला काय कळणार.

एकच कटकट. रुळावर टोला मारायला विंगेत लुक्यान असतो, पडदे ओढणारा. त्याला दम म्हणून नाही. माझी हाक तोंडातून निघायच्या आत ठण्ण! कोंबडीला अंड्याची घाई व्हावी तसा. मी ओरडले, "अरे, पलीकडचा माणूस आधी ऐकेल, मग मारेल ना!" लुक्यान म्हणाला, "पलीकडे मीच आहे, मला ऐकू येतं."

जाहिरातींवर तिच्या नावावर माझ्या नावाच्या पट्ट्या चिकटवल्या. पावसात खळ सुटते आणि खालून व्हेत्लुगिना दिसते. आज तीन ठिकाणी अंगठ्याने दाबून बसवल्या.

११ मे

ऊस्त्या मावशी रजा घेऊन लेनिनग्राडला निघालीय. "भाचीकडे," म्हणते. पिशवीत कापाचा करडा लोकरी रुमाल मी स्वतः पाहिला, आणि कोंबडीच्या रश्शाची बरणी. जा, जा, सिनेमातल्या बाईसाहेबांची सेवा करा. माझ्या पहिल्या प्रयोगाला सहा दिवस उरलेत आणि माझे कपडे कोण बघणार?

मी हे बोलून दाखवलं. मावशीने पिशवीचं तोंड बांधलं. म्हणाली, "येईन मी वेळेवर. एकटी येणार नाही." आणि डोळे पुसत गेली. भाचीचं लग्नबिग्न मोडलं की काय कोण जाणे.

१८ मे

काल पहिला प्रयोग झाला. लिहायलाच हवं.

पहिले दोन अंक मी काय केलं मला माहीत नाही. लोक हसले तिथे हसले, गप्प झाले तिथे गप्प झाले. तिसरा अंक. धूर सोडून केलेलं धुकं. मी धक्क्यावर गेले, दोरीवर हात ठेवला आणि हाक मारली. ओरडले नाही. पोटातून, धक्क्यावरची, त्रेचाळीसची.

आणि टोला पडेना.

मनात आलं, मेला लुक्यान झोपला. प्यालाय. माझ्या आयुष्यातली एक संध्याकाळ, आणि हा प्यालाय! वाट बघितली. प्रेक्षागृहात खोकलासुद्धा नाही. आणखी वाट बघितली. माझा हात दोरीवर चाचपडायला लागला, तो मी चाचपडवला नव्हता. मग मला खरंच वाटलं, की पलीकडे कुणी नाही. कधीच नव्हतं. मी दोरीवरून हात काढला.

तेव्हा टोला पडला. एकच. मोठा नाही. कुणीतरी दुरून चालत येऊन, दमून, मारावा तसा.

लुक्यानला हे सात जन्मांत जमणार नाही. एवढं थांबायची छाती आमच्या गावात एकाच बाईची आहे.

दोरी मी सोडली की तोडली आठवत नाही. पडदा पडला आणि मी विंगेत धावले. कापा उभी होती. हातात लुक्यानचा हातोडा, मागून ऊस्त्या मावशीने तिला कमरेशी धरलेलं. उकाड्याने गळ्यावरचा रुमाल काढला होता. गळ्याला खाली पांढरी पट्टी, आणि पट्टीच्या मधोमध धातूची छोटी नळी.

मी काय बोलले? सगळ्या जगात बोलण्यासारख्या इतक्या गोष्टी असताना मी म्हटलं, "अगं, आणि सिनेमा?"

कापाने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. नळीतून नुसती हवा वाजली.

मात्वेई इल्यिच मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला होता. "कुठला सिनेमा, आंतोनिना," ते म्हणाले. "घशात गाठ होती, ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढलंय तिचं. एप्रिलमध्ये. आता आवाज नाही यायचा. तिला जानेवारीतच कळलं होतं, यादी लागायच्या आधी."

"मग यादीत नाव कशाला?"

"तिचं नाव काढलं असतं तर वरच्यांनी मॉस्कोहून पाहुणी नटी धाडली असती. तुमच्या नावाला ते कधी हो म्हणाले नसते. म्हणून ती म्हणाली, मी जागा धरून ठेवते. शेवटी दुसरी आणायला वेळच उरणार नाही, मग तोन्काच." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी म्हटलं, तिला सांगू या. ती म्हणाली, माझ्याकडून मिळतंय कळलं तर तोंडावर फेकेल."

फेकलं असतं. त्यात काही शंका नाही.

मी उभ्या जागी रडायला लागले. पेन्सिल, कुजबुज, साय, "वेळ नाहीये", सगळं एकामागून एक माझ्या अंगावर कोसळलं. आणि मी तिला मासेवालीसारखी हाक मारून दाखवली होती. मी तिचे हात धरले, म्हटलं, "कापा, मी मूर्ख. कापा, मला चपलेने मार." तिने हातोडा उगारला. मग लुक्यानला परत दिला.

बाहेर टाळ्या चालल्या होत्या. मी नमस्काराला गेले. लोक बसून टाळ्या वाजवत होते, मनापासून, खूप वेळ. मग मात्वेई इल्यिचनी कापाला हाताला धरून रंगमंचावर आणलं, आणि सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं.

मी खोटं लिहिणार नाही. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, मी तिला घट्ट धरलं होतं, आणि तरीही मला सणकून टोचलं. मला बसून, तिला उभं राहून! माझ्या प्रयोगाला! तिने बाजूने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं, मला शपथेवर माहीत आहे की कळलं, कारण तिने मला पुढे ढकललं आणि स्वतः माझ्या मागे उभी राहिली. मी मुद्दाम बाजूला सरकले. मागची दिसत नव्हती ना.

नंतर रंगपटात आम्ही दोघीच होतो. ऊस्त्या मावशी चहा आणायला गेली होती. मी तोंडाचा रंग पुसत विचारलं, "कापा, खरं सांग. त्या दिवशी जिन्यावर नक्कल पडली, की तू टाकलीस?"

ती काही बोलणार नव्हतीच. तिने डोळे बारीक केले. मग मी जिन्यावर कशी इकडेतिकडे बघत बसले ते तिने करून दाखवलं, हुबेहूब, फ्रॉक सावरून. म्हणजे वळणावरून बघत होती सटवी! आणि मग दोन्ही हात पसरून माझ्या बुडाची रुंदी दाखवली.

"एवढी काही नाही हं!" मी ओरडले.

ती हसायला लागली. आवाज नाही, पण सगळं अंग हलत होतं आणि नळी शीळ घालत होती. मला आधी भीती वाटली, मग मीही हसायला लागले.

मग तिने आरशापुढची नक्कल उचलली, तिची जुनी, कोपरे झिजलेली, आणि जमिनीवर टाकली. कठड्याला धरावं तशी खुर्चीला धरून हळूहळू खाली बसली तिच्यावर. शेजारी उरलेल्या कागदांवर हाताने थोपटलं. ये.

मी बसले. तिचा खांदा हाडासारखा टोचत होता. ऊस्त्या मावशी चहा घेऊन आली, दारात थांबली आणि काही म्हणाली नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

जास्त कागद कापाच्याच खाली होते, हे मी बघून ठेवलं आहे.